चार पन्नासची जाग

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आजपासून स्वप्नांची नोंद ठेवायची. कंपनीतून निवृत्त होताना स्टोअरवाल्याने एक कोरं रजिस्टर हातात दिलं होतं, ते जवळजवळ तीन वर्षांनी कामाला आलं. रकाने आखले: तारीख, झोपण्याची वेळ, उठण्याची वेळ, स्वप्न, शेरा. खाली जागा उरेल तिथे मनात येईल ते लिहायचं. नियम कंपनीच्या तळोज्याच्या रसायन प्रयोगशाळेतलेच. पेन्सिल नाही, खाडाखोड नाही. चुकलं तर चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला दुरुस्ती, सही, तारीख. अठ्ठावीस वर्षं नव्या पोरांना हेच शिकवलं, आता एकसष्टाव्या वर्षी स्वतःच्या झोपेला लावतो आहे.

कल्पना अनुष्काची. काल लेकीचा हैदराबादहून रविवारचा फोन आला तेव्हा मी बोलून गेलो की तुझी आई सगळ्यांच्या स्वप्नात जाते, माझ्या येत नाही. ती म्हणाली:

"बाबा, स्वप्नं सगळ्यांना पडतात. तुम्ही उठल्या उठल्या विसरता. उशाशी वही ठेवा. जाग आली की हलायचं नाही, डोळे मिटून आधी आठवायचं, मग लिहायचं. आणि झोपताना मनाशी म्हणायचं, मला स्वप्न आठवणार आहे."

"किती वेळा म्हणायचं?"

"बाबा, हे औषध नाहीये."

तीनदा म्हणणार आहे.

वसुंधरा जाऊन दहा महिने होत आले. गुरुजींनी तिथी काढून दिली, वर्षश्राद्ध ८ मार्चला येतं. तोवर ती एकदा दिसावी एवढंच मनात आहे. बोलली नाही तरी चालेल.

मंगळवार, ७ जानेवारी

झोपलो १०.३०. उठलो ६.४०. स्वप्न नाही. शेरा: नाही.

बुधवार, ८ जानेवारी

कालच्यासारखंच. वाक्य तीनदा म्हटलं, मोठ्याने. रिकाम्या खोलीत स्वतःचा आवाज ऐकून ओशाळलो.

शुक्रवार, १० जानेवारी

उठलो ६.४५. स्वप्न आहे! प्रयोगशाळेतली राखीव नमुन्यांची खोली. प्रत्येक बॅचची एक बाटली आम्ही तिथे वर्षानुवर्षं जपून ठेवायचो. स्वप्नात एकाही बाटलीवर चिठ्ठी नव्हती. मी एकेक उघडून वास घेत होतो. व्यक्ती: मी एकटाच.

पहिली यशस्वी नोंद. अनुष्काला कळवलं. तिने अंगठा पाठवला. हल्ली अभिनंदन असंच करतात.

रविवार, १२ जानेवारी

घरकामाला शकू जवळच्या कोन गावाहून सकाळी साडेआठला येते. भांडी, फरशी आणि दोन पोळ्या. वसुंधरा असताना ती दोघींचा चहा होईपर्यंत तासभर बसायची. आता अर्ध्या तासात निघते, माझ्याशी काय बोलणार. आज मात्र पदराला हात पुसत दारात उभी राहिली.

"भाऊ, काल वयनी आलती सपनान."

मी पेपर खाली ठेवला. "काय म्हणाली?"

"काय नाय. ओट्याजवल उबी व्हती. मना बोलली, शकू, भाऊ उटले का?"

"मग तू काय सांगितलंस?"

"मी बोलले, आजून नाय. त बोलली, ऱ्हाऊ दे, मी बगते."

"एवढंच?"

"एवडंच. साडी ती शेवाली व्हती, काठाची." मग म्हणाली, "गेलेलं मानूस सपनान आलं का त्याच्या आवडीचं कायतरी करून कोनाला तरी घालाचं. आमच्यात तसंच हाय. मी उद्या मडक्यातली पोपटी आनते. वयनीला आवडाची."

स्वप्न पडणार शकूला, विचारपूस होणार माझ्या उठण्याची. दहा महिन्यांनी भेटल्यावर माणसाने विचारायचं ते हे का? आणि शेवाळी साडी मी घेऊन दिलेली. मला ती साडीसुद्धा दिसली नाही.

सोमवार, १३ जानेवारी

शकूने पोपटी आणली. वालाच्या शेंगा, दोन बटाटे, एक अंडं, सगळ्याला मडक्याचा धूर आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास. थोडी बाजूला काढून ठेवावी असं वाटलं. कुणासाठी, ते लक्षात आल्यावर ओट्याशी उभ्यानेच सगळी संपवली.

मंगळवार, १४ जानेवारी

झोपलो १०.१५. उठलो ४.५०. स्वप्न नाही. शेरा: उजव्या पायाचा अंगठा कुणी चिमटीत धरून दाबल्यासारखा वाटला. मुंगी असावी.

४.५० ही माझी जुनी वेळ. पहिल्या पाळीची बस ५.४० ला नाक्यावर यायची. अठ्ठावीस वर्षांत एकदाही चुकली नाही आणि घरात एकदाही गजर वाजला नाही. कंपनीत माझी ख्याती होती, नव्या पोरांना मी सांगायचो की शिस्त अंगात मुरली की घड्याळ लागत नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र बरोबर सात. ३१ मे ही नोकरीची शेवटची तारीख, त्या दिवशीसुद्धा ४.५०. आणि १ जूनला थेट साडेसहा. शरीराला तारखा कशा कळतात हे कुणीतरी अभ्यासायला हवं. वसुंधराला मी हे कौतुकाने सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हो ना, कमालच आहे तुमची," आणि कणीक मळता मळता कितीतरी वेळ हसत होती.

संक्रांत म्हणून समोरच्यांनी तिळगूळ आणून दिला. दारातूनच.

शनिवार, १८ जानेवारी

उठलो ४.५०. स्वप्न नाही. शेरा: अंगठा, उजवा. चादर झटकली, मुंगी सापडली नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

उठलो ४.५०. स्वप्न नाही. शेरा: अंगठा. काल आणि परवाही. तीन दिवस ओळीने आल्यावर योगायोग म्हणता येत नाही. साखर वाढली की पायाच्या बोटांपासून सुरुवात होते म्हणतात.

शनिवार, २५ जानेवारी

डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी पायाला कंप पावणारा चिमटा लावला, कापसाने गुदगुल्या केल्या, रक्त तपासलं. सगळं ठीक. "दुखतो का?" दुखत नाही. "मुंग्या येतात?" नाही. "मग काय होतं?" म्हटलं, कुणीतरी दाबतं. हळूच, दोनदा. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "घरी कोण कोण असता?" मी म्हटलं, मीच. त्यांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि तळ्यावर फिरायला जा म्हणाले.

संध्याकाळी वडाळे तळ्याला दोन फेऱ्या मारल्या. सगळे जोडीने किंवा घोळक्याने होते. तिसरी फेरी मारली नाही.

गुरुवार, ३० जानेवारी

उठलो ४.५०. स्वप्न नाही. शेरा: अंगठा.

पेणच्या मेव्हणीचा फोन. तिच्याही स्वप्नात वसुंधरा आली होती, दोघी लहानपणीच्या घरी कुरडया घालत होत्या, खूप हसल्या. "तुमच्याकडे येत असेलच की," असं मेव्हणी म्हणाली. मी हो म्हटलं.

आज लिहूनच टाकतो, नाहीतर या वहीला अर्थ नाही. वसुंधरा गेली तेव्हा मी तिच्या खाटेशेजारी खुर्चीत झोपलो होतो. दोन रात्री जागलो होतो, तिसऱ्या पहाटे डोळा लागला. नर्सने खांद्याला हलवून उठवलं तेव्हा सहा वाजून गेले होते. पाचच्या सुमारास गेल्या, म्हणाली. ज्या माणसाला अठ्ठावीस वर्षं न चुकता ४.५० ला जाग आली, त्याला नेमकी त्या दिवशी आली नाही. तिने हाक मारली असेल. निदान पाहिलं तरी असेल माझ्याकडे, आणि मी मान टाकून घोरत असेन.

अनुष्काला मी सांगितलं की मी जागा होतो, तिचा हात माझ्या हातात होता. हे खोटं आहे. सगळ्यांना हेच खोटं सांगितलं.

मला वाटतं ती रागावली आहे. म्हणून पेणला जाते, कोनला जाते, इथे येत नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

उठलो ४.५०. स्वप्न आहे, पण अर्धवट. आमचंच स्वयंपाकघर, दिवा लागलेला. ओट्यावर माझा चहा ठेवलेला, वर बशी झाकलेली, बशीच्या कडेने वाफ येत होती. व्यक्ती: कुणी नाही. मी दारात उभा होतो. आतल्या खोलीतून कुणी येईल असं वाटत होतं, आणि तेवढ्यात अंगठा. स्वप्न मोडलं.

इतका राग आला की उठून बसलो. अजून दोन मिनिटं मिळाली असती तर ती आली असती. नक्की आली असती. हे अंगठ्याचं दुखणं नेमकं चांगल्या वेळी मधे येतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

उठलो ४.५०. स्वप्न होतं, पुसलं गेलं. शेरा: अंगठा. काल पहाटेही. सुरुवातीपासून मोजलं तर नववी वेळ. गोळ्यांचा उपयोग नाही. आता उपाय मीच करणार. प्रयोगात एक गोष्ट ढवळाढवळ करत असेल तर आधी ती बंद करायची.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दोन जोड लोकरीचे मोजे एकावर एक घातले. पांघरूण पायाखाली घट्ट दुमडून घेतलं. उठलो ६.४०. अंगठा नाही. स्वप्नही नाही, पण ते येईल. शेरा: समाधानकारक.

रविवार, १६ फेब्रुवारी

सहा दिवस अंगठा नाही. प्रश्न मिटला. स्वप्न नाही.

अनुष्का म्हणाली, "बाबा, आवाज बसलाय का?" सकाळी शकू काम करून गेल्यापासून या फोनपर्यंत कुणाशी बोललो नव्हतो, म्हणून तसा वाटला असेल. सर्दी आहे म्हणून सांगितलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

उठलो ६.४०. स्वप्न नाही.

संध्याकाळी गॅलरीत उभा होतो. तळोज्याच्या बाजूने वारा आला आणि त्याबरोबर पिकलेल्या केळ्यांसारखा गोडसर वास. खालच्या मजल्यावर कुणीतरी केळी सडली का म्हणून विचारत होतं. मला त्या द्रावकाचं नाव माहीत आहे, अर्धं आयुष्य त्याच्या बाटल्या हाताळल्या. वसुंधराला नाव माहीत नव्हतं. मी घरी आलो की धुवायला टाकायच्या आधी ती शर्ट नाकाला लावायची आणि निकाल द्यायची, "आज केळी." कधी "आज नेलपॉलिश." एकदाही चुकली नाही. मी तिला म्हणायचो, तुला प्रयोगशाळेत घ्यायला हवं.

"आज केळी," असं मी गॅलरीत मोठ्याने म्हणालो. मग आत आलो.

मला तिची फार आठवण येते. हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळत नाही.

शनिवार, १ मार्च

उठलो ६.४०. स्वप्न नाही. गेले एकोणीस दिवस एकही नाही. आधी निदान तुटकं काहीतरी यायचं, आता तेही बंद. उकडतं आहे तरी मोजे सोडले नाहीत. वर्षश्राद्धाला सात दिवस उरले. बहुधा येणार नाही ती. हट्टी होतीच.

गुरुवार, ६ मार्च

अनुष्का आली. जावई आणि नातू परीक्षेमुळे तिकडेच. घरात दोन चपला दिसल्या की बरं वाटतं. तिने आल्या आल्या डबे उघडून पाहिले, गॅसची नळी पाहिली, माझे पाय पाहिले. "बाबा, मार्चमध्ये लोकरीचे मोजे?" म्हटलं, वैद्यकीय कारण आहे.

शुक्रवार, ७ मार्च

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी मी गुरुजींनी दिलेली यादी घेऊन बाजारात गेलो. दर्भ, काळे तीळ, केळीची पानं. परत आलो तेव्हा अनुष्का माझ्या खाटेवर बसली होती, मांडीवर हे रजिस्टर. उश्यांचे अभ्रे बदलायला गेली आणि सापडलं. मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "खुर्चीचं मला माहीत होतं, बाबा. नर्सने त्याच दिवशी सांगितलं होतं."

वर्षभर मी तिला हात हातात होता असं सांगत होतो आणि ती वर्षभर हो म्हणत होती. मी पिशवी घेऊन तसाच दारात उभा राहिलो.

"आणि हे अंगठ्याचं काय?"

मी सगळं सांगितलं. मुंगी, साखर, डॉक्टर, मोजे. ती हसेल असं वाटलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, आई तुम्हाला तसंच उठवायची."

"मला कुणी उठवायचं नाही. मला आपोआप जाग यायची."

"नाही यायची." ती इतक्या हळू बोलली की मला पुढे सरकावं लागलं. "दहावीला मी पहाटे बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसायचे ना? रोज बघायचे. आईच्या उशीखाली ते लहान गजराचं घड्याळ असायचं, रुमालात गुंडाळलेलं, म्हणजे तिला एकटीलाच ऐकू यावं. ती उठायची, चहा टाकायची. मग तुमच्या पायाशी येऊन अंगठा दाबायची, दोनदा. आणि तुम्ही हललात की पटकन स्वयंपाकघरात पळायची. तुम्ही बाहेर येऊन म्हणायचात, बघ, आली की नाही जाग?"

मी म्हणायचो खरा. रोज म्हणायचो.

"मी एकदा तिला विचारलं, बाबांना सांगत का नाहीस? तर म्हणाली, कंपनीभर सांगत असतात ते, आपोआप जाग येते म्हणून. त्यांना तेवढाच एक अभिमान आहे. राहू दे."

मी पिशवी खाली ठेवली आणि अनुष्काशेजारी बसलो. अठ्ठावीस वर्षं. सुट्टीच्या दिवशी सात. १ जूनला साडेसहा. कणीक मळता मळता हसणारी वसुंधरा.

मग ती खुर्ची आठवली. त्या पहाटे मला जाग आली नाही, कारण मला जाग आणणारी समोरच्या खाटेवर होती आणि तिला उठता येत नव्हतं. एवढी साधी गोष्ट. मी हे अनुष्काला म्हणालो की नुसतं मनात म्हणालो ते आठवत नाही, पण ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मीही रडलो. खूप वर्षांनी.

दुपारी तिने कपाटातून आईच्या साड्या काढल्या. शेवाळी साडीच्या घडीत ते घड्याळ होतं, रुमालासकट. सेल संपलेला. गजराचा काटा पाचच्या जरासा मागे.

शनिवार, ८ मार्च

वर्षश्राद्ध झालं. पेणची मेव्हणी आली होती, शकूही जेवायला थांबली. शकूला मी विचारलं, वयनी तुझ्या स्वप्नात "मी बगते" म्हणाली तेव्हा पुढे कुठे गेली? ती आठवून म्हणाली, "आतल्या खोलीन गेली, भाऊ. तुमच्या."

"हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलंच नाय."

संध्याकाळी सगळे गेल्यावर रजिस्टर घेऊन बसलो. अंगठ्याच्या नऊही नोंदी काढल्या. जिथे 'स्वप्न नाही' असं लिहिलं होतं तिथे एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं: 'वसुंधरा आली होती.' सही, आजची तारीख. स्वप्न आलेल्या दोन दिवसांना रेघ लागली नाही, शेऱ्यातल्या 'अंगठा' या शब्दापुढे तेच वाक्य लिहिलं. ४ फेब्रुवारीच्या नोंदीत 'व्यक्ती: कुणी नाही' असं होतं, तिथेही रेघ मारली. चहा काय आपोआप झाला होता?

११ फेब्रुवारीच्या 'समाधानकारक' या शब्दावर रेघ मारताना हात थांबला. ती नऊ वेळा आली, आणि दहाव्यांदा येऊ नये म्हणून मी दोन जोड मोजे घातले. तिथे दुरुस्ती काय लिहायची ते सुचलं नाही. नुसती सही केली.

मंगळवार, ११ मार्च

अनुष्काला आज स्टेशनवर सोडून आलो. ती म्हणाली, "शरीराला आठवत असतं बाबा, तेच असणार ते." असेल. तिच्याशी वाद घातला नाही. घड्याळात नवा सेल घालून देऊ का असंही तिने विचारलं होतं. नको म्हटलं.

घरात पुन्हा एकच चप्पल. मोजे धुऊन वाळत घातले, वाळले की शकूला देणार.

सोमवार, १७ मार्च

उठलो ६.४०, आपोआप. हीच माझी खरी आपोआपची वेळ.

स्वप्न नाही. अंगठा नाही. मोजे सोडून सहा दिवस झाले. रागावली असेल असं आता वाटत नाही, फक्त वाट बघणं उरलं आहे, आणि ते मला येतं. बाटल्या वर्षानुवर्षं सांभाळल्या आहेत.

एक नियम नवा केला, अनुष्काने सांगितलेलाच: जाग आली की डोळे लगेच उघडायचे नाहीत. ती आली तर तिला स्वयंपाकघरात जायला वेळ मिळायला हवा. बाहेर जाऊन मी म्हणणार आहे, बघ, आली की नाही जाग.

उजवा पाय पांघरुणाबाहेर ठेवून झोपतो.